पूर्व तीरावरचे शंभर मीटर

माझं काम काय, हे आमच्या गल्लीत आजवर कुणालाच धड सांगता आलेलं नाही. संकठा घाटाच्या वरच्या अंगाला आमचं बिऱ्हाड, दोन खोल्या आणि एक गच्ची. खालचा चहावाला लोकांना सांगतो, "मैडम का मिट्टी का काम है." आई शेजारणींना सांगते, "ती इंजिनिअर आहे," आणि कुणी पुढे विचारलं की फोडणी करपेल म्हणून उठून जाते. बाबा काही सांगायचेच नाहीत. काशीला येणाऱ्या मराठी यात्रेकरूंची गंगापूजनं, श्राद्धं, अभिषेक, हे सगळं त्यांनी जन्मभर अमृतराव घाटावर बसून केलं. मुलगी गमबूट घालून चिखलात उभी राहते, माती पिशव्यांत भरून आणते आणि महिन्याला पगार घेते, हे त्यांना आवडत नव्हतं असं नाही. त्यांच्या डोक्यात ते बसतच नव्हतं.

तर सांगते. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी माती तपासते. रस्ता डांबराचा असो की सिमेंटचा, खालची माती धड नसेल तर वरचा सगळा थाट एका पावसाळ्याचा. आमच्या इकडे नदीकाठी मटियार माती सापडते, पिठासारखी बारीक आणि चिकट. गाझीपूरकडच्या काळ्या मातीला लोक करैल म्हणतात, ही तिची चुलतबहीण. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. काचेवर तिची वळी करून पाहायची असते. हाताखाली ती शेवयांसारखी लांबतच जाते, तुटायचं नाव घेत नाही, तेव्हा मी ओळखते की ही बया त्रास देणार.

अशाच एका बयेशी आमची गाठ पडली, नदीपलीकडच्या एका गावाच्या रस्त्यावर. जेमतेम दोन किलोमीटरचा रस्ता, बाजारापासून शाळेपर्यंत. पावसाळ्यात मुलं चपला हातात घेऊन शाळेत जायची. मी माती तपासली आणि अहवाल लिहिला. पहिल्याच ओळीत जागा लिहायची असते, ती लिहिली: गंगेचा पूर्व तीर, मटियार, चिकट. आणि खाली शिफारस केली की ही माती उचलून फेकू नका. हिच्यात आधी चुना मिसळा, दोन दिवस मुरू द्या, मग सिमेंट मिसळा आणि दाबा. आहे त्याच मातीचा पक्का थर होईल.

आमचे साहेब म्हणजे कामाचे मुख्य. माणूस वाईट नाही, पण त्यांचं एकच पालुपद. "सब लोग मिट्टी बदलते हैं, हम भी बदलेंगे." खराब माती खणायची, ट्रकांनी कुठेतरी टाकायची आणि दुसऱ्या कुणाच्या तरी शेताचा वरचा थर उचलून इथे आणायचा. तीन वर्षं मी त्यांच्याशी भांडत होते. माझी जीभ तिखट, त्यात राग नाकाच्या शेंड्यावर. एका मीटिंगमध्ये मी बोलून गेले, "सर, दुसऱ्याच्या शेताला खड्डा पाडून आपला खड्डा बुजवायचा, यात कसली आली इंजिनिअरिंग?" साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक है. सौ मीटर देता हूँ. पास हुआ तो पूरी सड़क ऐसे बनेगी. फेल हुआ तो यह विषय बंद, और आप लैब के बाहर कदम नहीं रखेंगी."

घोडामैदान जवळच होतं. मी हो म्हटलं.

आता बाबांचं सांगायला हवं. त्याआधीच्या पितृपक्षात एका नांदेडच्या कुटुंबाचं श्राद्ध सांगताना त्यांनी यजमानाच्या आजोबांचं नाव चुकवलं. एकदा नाही, तीनदा. यजमानाचा मुलगा हसला. शेजारच्या गुरुजींनी पुढचं सांगून वेळ निभावून नेली. बाबा घरी आले, आसनाची पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "गुडघे दुखतात. आता घाट चढवत नाही." त्यानंतर पाच महिने ती पिशवी खुंटीवरच. गुडघे दुखत नाहीत हे आईला ठाऊक होतं, मलाही. रोज सकाळी गच्चीवर चढून ते तुळशीला पाणी घालायचे की! पण बोलणार कोण? घरात बसून ते आईच्या स्वयंपाकात चुका काढायला लागले. आई म्हणायची, "साठ वर्षं देवाच्या चुका काढायला मिळाल्या नाहीत, त्या आता माझ्या भाजीत काढतायत."

मला त्यांचं फार वाईट वाटायचं. माणूस एवढासा होऊन बसला होता.

त्यांचा एकच उद्योग चालू राहिला, पानाचा चुना. बनारसचा माणूस पान खातो, पण बाबा चुना विकत आणत नाहीत. कळीच्या चुन्याचे खडे आणायचे, मडक्यात टाकून वर पाणी ओतायचं. मडकं सूं-सूं करून उकळतं, हात लावायची सोय नाही. मग कितीतरी दिवस तो तसाच ठेवायचा, रोज वरचं पाणी बदलायचं, शेवटी वस्त्रगाळ करून दह्याची निवळ घालायची. "कच्चा चुना जीभ फाडतो," ते सांगायचे. "चुन्याला घाई चालत नाही."

शंभर मीटर मिळाले त्या संध्याकाळी ते असेच मडक्याशी बसले होते. मी सहज म्हटलं, "बाबा, मी पण आता मातीत चुना घालणार आहे."

"का? मातीला पान खायला घालतेस?"

"तसंच समजा. मऊ पडते ती त्याने. चिकटपणा जातो."

पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "किती घालणार?"

"शंभर किलोला चार."

"आणि जास्त घातला तर?"

"बिघडते."

"बरोबर," ते म्हणाले. "जास्त चुना लावणारा अडाणी. आणि मुरू देशील ना?"

मी स्वयंपाकघरातून दोन वाट्या आणल्या. एकीत नुसत्या मातीचा वाळलेला गोळा ठेवला, दुसरीत चुना-सिमेंट घालून प्रयोगशाळेत केलेला. दोन्हींत पाणी ओतलं. पहिला गोळा बघता बघता सुटला, चहात बिस्कीट विरघळावं तसा. दुसरा तसाच बसून राहिला. बाबांनी त्याला बोट लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं. आई ओरडली, "माझी आमटीची वाटी आहे ती!" पण तीन दिवस कुणाला हात लावू दिला नाही त्यांनी. वीस वर्षं नोकरी करतेय मी, माझ्या कामाकडे त्यांनी एवढं कौतुकाने कधी पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात मी कुणाशी भांडलेही नाही.

मग साहेबांचा फोन आला. कोणत्याही कामाच्या आधी त्यांना पूजा हवी असते. "आपके पिताजी तो पंडित हैं न? वही करा दें." मी थबकले. बाबांना विचारलं तर ते गुडघ्यांवर येणार, ठाऊक होतं. आलेच. "गाडीत बसून गुडघे..." एवढ्यात आई आतून म्हणाली, "जा हो तुम्ही. गाडी दारात येईल, होडी नको, पायऱ्या नकोत. आणि मला एक दिवस सुखाने भाजी करू दे."

बाबांनी खुंटीवरची पिशवी काढून झटकली. "मुहूर्त मी काढणार," म्हणाले.

मुहूर्त निघाला बुधवारी अकराचा. आणि इथे मी ती चूक केली, जी पुरोहिताच्या घरात जन्मलेल्या मुलीने तरी करायला नको होती.

सोमवारी चुना मिसळून झाला होता. दोन दिवसांत माती ओळखू येईना, रव्यासारखी मोकळी झाली होती. आता राहिलं सिमेंट. चुना आणि सिमेंट यांचे स्वभाव अगदी उलटे. चुना घरच्या सुनेसारखा, दोन दिवस बसवा, बसतो. सिमेंट म्हणजे जावई, ताट वेळेवर मांडलं नाही की रुसलाच. ओल्या मातीत एकदा सिमेंट मिसळलं की दोन तासांच्या आत रोलर फिरवून ते दाबलंच पाहिजे. उशीर झाला की ते आपलं आपण आवळायला लागतं आणि नंतर दाबलं की फुटतं. मग नुसती फुटकी ढेकळं.

साहेबांची इच्छा होती की नारळ फुटला की लगेच रोलर चालू व्हावा, फोटो चांगला येतो. मी हिशेब मांडला. दहाला सिमेंट मिसळायला घ्यायचं. पावणेअकराला पूजा. बाबांना आदल्या दिवशी विचारलं होतं, "किती वेळ?" तर म्हणाले, "पंधरा मिनिटं." अकराला नारळ, लगेच रोलर, शंभर मीटरला अर्धा तास. बारा वाजता पहिल्या टोकाचे दोन तास भरतात, म्हणजे हातात वेळच वेळ. भटजींची पंधरा मिनिटं म्हणजे काय असतं, हे मी लहानपणी प्रत्येक सणाला उपाशीपोटी शिकलेय. तरीही विसरले. बाबांना आधी बसवून मग सिमेंट घ्यायला हवं होतं, एवढं साधं मला सुचू नये? उंटावरचा शहाणा लांब कशाला शोधायचा!

बुधवारी दहाला ट्रॅक्टर सिमेंट मिसळत गेला. पाण्याचा टँकर मागून. पावणेअकराला बाबा आसनावर बसले, पूर्वेला तोंड करून. समोर साहेब, पँट सांभाळत मांडी घालून. मी बाजूला हातात घड्याळ घेऊन. रोलर चालवणारे चाचा बंद रोलरवर बसून, टोपी काढून मांडीवर ठेवलेली.

पूजेच्या आधी संकल्प असतो. हातात पाणी आणि अक्षता घेऊन, मी कोण, कुठे बसलोय, आज कोणता दिवस, आणि हे कशासाठी करतोय, असं देवाला सांगायचं. एखाद्या अर्जाच्या वरच्या चार ओळीच त्या. काशीचा संकल्प मला तोंडपाठ आहे. शिकवला कुणी नाही. मुलीला कोण शिकवतो? पण घाटावर बाबांच्या डब्याची पिशवी घेऊन रोज जायची मी, ऐकून ऐकून बसला. जंबुद्वीप, भरतवर्ष, मग वाराणसी क्षेत्र, आनंदवन म्हणजे काशीचंच जुनं नाव, मग गंगा.

बाबांनी सुरू केलं. आवाज चांगला लागला होता, माझ्या अंगावर काटा आला. आणि गंगेपर्यंत येऊन ते थांबले. थांबले, मागे वळून पाहिलं, हातातलं पाणी ताम्हनात सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून आचमन करायला घेतलं.

त्यांच्या गुरूंची शिस्त अशी की संकल्पात चूक झाली तर ठिगळ लावायचं नाही. हात धुवायचे, आचमन, प्राणायाम, नवीन अक्षता, सगळं मुळापासून. मी मनाशी म्हटलं, असू दे, एकदा होतं.

दुसऱ्यांदा पुन्हा तिथेच. थांबले, मागे वळले, पाणी सोडलं. तिसऱ्यांदा तिथेच.

परत नांदेडकरांच्या श्राद्धासारखं होतंय, मला वाटलं. विसरतायत. इथे, साहेबांसमोर, मजुरांसमोर, माझ्यासमोर. आणि मीच आणलं त्यांना. घरात निमूट बसलेल्या माणसाला मी ओढून आणलं आणि भर उन्हात बसवून त्याची परीक्षा घेतेय. घड्याळात सव्वाअकरा वाजून गेले होते.

साहेब माझ्याकडे वाकले. "मैडम, आप कहें तो उधर रोलर शुरू करवा दें? पूजा चलती रहेगी."

त्यांचं चुकत नव्हतं. रोलर सुरू झाला असता तर त्या धडधडाटात बाबांचा आवाज बुडाला असता. कुणी "उठा" म्हटलं नसतं, पण अर्थ तोच झाला असता. ते उठले असते, पिशवी खुंटीला गेली असती आणि मग ती कधीच खाली आली नसती. आणि थांबले तर माझे शंभर मीटर जाणार. तीन वर्षांची भांडणं, शाळेचा रस्ता, सगळं. एकीकडे बाप आणि एकीकडे सिमेंट, आणि दोघांनाही मीच इथे आणून ठेवलेलं. मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला, सिमेंटचा, साहेबांचा, पंचांगाचा. बाबांचाही आला, खोटं कशाला बोलू?

रोलरवाल्या चाचांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पंडितजी बोलत बाड़न. अबहीं ना चली."

टँकरवाल्याला मी खूण केली, वरून हलकं पाणी मारत राहा. दुसरं हातात काय होतं? चौथ्यांदा आचमन झालं. घड्याळाकडे बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी घड्याळ खिशात टाकलं आणि बाबांकडे पाहिलं, त्यांचं ऐकलं. तोवर मी ऐकतच नव्हते, नुसते काटे बघत होते.

जंबुद्वीप झालं, भरतवर्ष झालं. वाराणसी क्षेत्र त्यांनी गाळलं. आनंदवन गाळलं. तिथे आवाज अडखळला नाही, खणखणीत पुढे गेला. मग गंगा आली. "भागीरथ्याः पश्चिमे..." आणि थांबले. मागे वळून पाहिलं.

मीही मागे पाहिलं. मागे नदी होती.

घाटावर पूर्वेला तोंड करून बसलं की नदी समोर असते. इथे समोर गव्हाचं शेत होतं आणि नदी पाठीशी. आम्ही पलीकडे आलो होतो, काशी क्षेत्राच्या बाहेर. साठ वर्षं बाबांनी प्रत्येक पूजा गंगेच्या पश्चिम तीरावर सांगितली, त्यांची जीभ त्याच वाटेने चालायची. आणि दर वेळी ती गेली की बाबा तिला पकडत होते, कारण हा पूर्व तीर होता. देवाला चुकीचा पत्ता द्यायला ते तयार नव्हते. मी माझ्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत जे लिहिलं होतं, तेच.

बाबा विसरत नव्हते. तिथे जमलेल्या आम्हा सगळ्यांत त्यांना एकट्यालाच बरोबर लक्षात होतं. आणि मी, त्यांची मुलगी, त्यांना वेडं ठरवून मोकळी झाले होते! माझी मलाच इतकी लाज वाटली की कान तापले.

ते पाणी सोडून हात धुवायला लागले तशी मी पुढे झाले. गमबूट काढले, साहेबांना म्हटलं, "सर, थोडं सरका," आणि बाबांच्या उजव्या हाताला बसले. यजमान बाई असो की बुवा, हातात पाणी घेतलं की झालं. मी ओंजळ पुढे केली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पळीने पाणी घातलं. आम्ही दोघांनी एकत्र सुरुवात केली. माझा आवाज फाटका, उच्चार घाटावरच्या पायऱ्यांवर ऐकून शिकलेले. जंबुद्वीप, भरतवर्ष. गंगा जवळ आली तसा मी आवाज चढवला आणि त्यांच्या जिभेच्या आधी मोठ्याने म्हटलं, "पूर्वे तीरे!"

"पूर्वे तीरे," बाबा म्हणाले, आणि पुढे सुटले ते थांबलेच नाहीत. तिथी, वार, नक्षत्र, सगळं झरझर. नारळ त्यांनी एका दणक्यात फोडला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

"चाचा, चला!" मी अशी किंचाळले की साहेबांच्या हातातला प्रसाद सांडला.

चाचांनी त्या दिवशी रोलर चालवला तसा मी पुन्हा पाहिलेला नाही. अनवाणीच मी सोबत पळत होते. बाबा खुर्चीत बसून पान लावत होते, एकदम निवांत. "झालं ना वेळेत?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

सात दिवस थर ओला ठेवून वाट पाहायची असते. सात दिवस मला जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी जागोजागचे नमुने काढले, पाण्यात भिजवलेल्या थरात लोखंडी दांडा दाबून त्याला किती जोर लागतो ते पाहिलं. दांडा जाईना. पुढच्या ठिकाणी जाईना. पन्नास मीटरवर जाईना, ऐंशीवर जाईना. सुरुवातीच्या टोकाचे दहा मीटर तेवढे वाया गेले. तिथे सिमेंट सगळ्यांत आधी पडलं होतं, रोलरच्या फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत ते आवळून बसलं होतं. कुदळीने वरचा पापुद्रा उचलला तर खाली ढेकळं.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "नब्बे मीटर पास," ते म्हणाले. "दस मीटर तो पूजा का प्रसाद है. फिर से बना लीजिए, उसके बाद पूरी सड़क." मी तोंडाने थँक यू म्हटलं आणि जिन्यात जाऊन रडले. चांगलं पोटभर रडले.

बाबांना मी सांगणार होते, सगळं पास झालं. पण ते मडक्याशी बसून वाट पाहत होते आणि त्यांनी विचारलं, "सगळंच?" मला खोटं बोलता येत नाही, चेहरा लगेच तांबडा होतो.

"दहा मीटर राहिलेत. पहिले."

"माझ्यामुळे."

"माझ्यामुळे," मी म्हटलं. "तुम्हाला आधी बसवायला हवं होतं. सिमेंट थांबत नाही हे मला ठाऊक आहे, तुम्हाला कसं असणार?"

"मला कुणी सांगितलं का?" ते एकदम भडकले. आमच्या घरात राग कुठून आलाय ते असं कळतं. "चुन्याचं सांगितलंस, मुरतो म्हणून. मला वाटलं तेही तसंच मुरत बसेल! ते दहा मीटर कधी करणार?"

"शुक्रवारी."

"मी येतो. मुहूर्त नको, फोटो नको. आधी संकल्प, मग तुझं सिमेंट."

शुक्रवारी साहेब नव्हते. चाचा, ट्रॅक्टरवाला, मी आणि बाबा. मी बाजूला बसायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं. एकटे बसले, नदीकडे पाठ करून. मी घड्याळ घेऊन उभी. "भागीरथ्याः पूर्वे तीरे," ते एका दमात म्हणाले आणि पुढे गेले. नारळ फुटल्यावर माझ्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, "किती?"

"बारा मिनिटं."

"पंधरा म्हटलं होतं मी," ते म्हणाले आणि मग रोलर दुसऱ्या फेरीला वळेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहून बघत होते. ते दहा मीटरही नंतर पास झाले. गावाचा रस्ता आता पूर्ण झालाय आणि दोन पावसाळे बघून बसलाय. शाळेची मुलं चपला घालून जातात.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवसाचं, शनिवारचं. सकाळी उठले तर खुंटी मोकळी होती. मी स्वयंपाकघरात डोकावले. आई भाजी चिरत होती, चेहऱ्यावर हसू दाबलेलं.

"गेले," ती म्हणाली. "घाटावर. साताऱ्याचे कुणी यात्रेकरू आलेत म्हणे. छत्री विसरलेत, तेवढी देऊन ये."

"आणि गुडघे?"

"विचारलं मी. म्हणाले, गुडघ्यांना काय झालंय?"

मी छत्री घेऊन खाली उतरले. अमृतराव घाटावर, नेहमीच्या पायरीवर बाबा बसले होते, नदीकडे तोंड करून. समोर सातारकर नवराबायको ओंजळीत पाणी घेऊन. संकल्प चालू होता. आनंदवन झालं, गंगा आली, आणि बाबा थांबले.

मी पायरीवर होते तिथेच उभी राहिले.

त्यांनी मान वळवून मला पाहिलं. मिशीत हसले. मग समोरच्या नदीकडे पाहून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "पश्चिमे तीरे." मी छत्री त्यांच्या पिशवीशेजारी ठेवली आणि कामावर गेले.